कोरडे मामांचा घटस्फोट

कोरडे मामांची आणि माझी ओळख झाली ती झडतीतून. आम्ही नगरमधली भाड्याची जागा सोडून नागापूर एमआयडीसीच्या मागच्या आनंदबन कॉलनीत राहायला चाललो होतो. कॉलनीच्या वळणावर एक कडुलिंब आहे. आमचा टेम्पो तिथं पोचला आणि त्या झाडाखालून खाकी पँट, पांढरा बनियन आणि भुवयांची दाट झाडी असा एक उंच माणूस पुढं आला. त्यानं हात वर केला. हात असा, की मालगाडीसुद्धा थांबली असती.

“उघडा,” तो म्हणाला.

मी मुकाट्यानं ताडपत्री सोडली. वॉचमन कडक आहे, कॉलनी चांगली दिसतेय, असं बायकोच्या कानात सांगितलंसुद्धा. त्या माणसानं आमचा संसार एकेक करून पाहिला. गाद्या दाबल्या, पिठाचा डबा हलवून कानाशी नेला. शेवटी एका गोणपाटातून त्यानं चमचमणारी वस्तू बाहेर काढली.

“ह्ये काय?”

“मुकुट.”

“कुनाचा?”

“दुर्योधनाचा.”

“मग त्यो कुठं हाय?”

“मीच तो. हौसेनं नाटकात काम करतो.”

त्यानं मला टाचेपासून टकलापर्यंत पाहिलं. दुर्योधन त्याच्या पसंतीला उतरलेला दिसला नाही. “आन् पोटाला?”

“लग्नाचं शूटिंग करतो. व्हिडिओ, फोटो, अल्बम.”

“म्हंजी लोकांच्या घरात घुसता.”

“अहो, लोक बोलावतात!”

“व्हय,” तो म्हणाला, “आदी समदेच बोलावत्यात.”

आणि त्यानं टेम्पो आत सोडला. संध्याकाळी मी त्याला बक्षिसी म्हणून काही द्यायला निघालो तेव्हा शेजारच्या घुले वायरमननं माझा हात धरला. म्हणाला, “वेडे का काय? ते वॉचमन नाहीत. ते आपले कोरडे मामा. तुमच्या भिंतीला भिंत लागून राहतात.”

रंगनाथ कोरडे यांनी एका कारखान्याच्या गेटवर उभी हयात काढली होती. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेनं बाहेर पडायचे आणि मामा एकेकाला सांगायचे, “डबा उघडा.” कुणाच्या डब्यातून नटबोल्ट जायचे, कुणाच्या थर्मासमधून तांब्याची तार. मामांनी ते पकडलं, साहेबांनी पाठ थोपटली, आणि त्या पाठ थोपटण्यानं माणसाचं कायमचं नुकसान झालं. मामा निवृत्त झाले. गेट काही निवृत्त झालं नाही. ते मामांच्या मागोमाग कॉलनीत राहायला आलं.

दूधवाला आला की मामा दुधात बोट बुडवून ते उन्हात धरायचे. पाण्याचा टँकर आला की तो विहिरीवरून आला का नाल्यावरून, हे पाहायला सायकलवरून त्याच्या उलट्या वाटेनं जायचे. आमच्या वास्तुशांतीचे पेढे नेऊन दिले तर त्यांनी एक पेढा मधोमध मोडला, आत पाहिलं, आणि अर्धा मला परत देऊन म्हणाले, “आदी तुमी.” मी खाल्ला. मी जिवंत राहिलो हे पाहून मग त्यांनी उरलेला तोंडात टाकला.

“मामा, एवढा संशय बरा नाही हो,” असं कुणी म्हटलं की त्यांना खरंच वाईट वाटायचं. “संशय? छ्या! संशय वायला, खात्री वायली. मी कुनावर संशय घेत न्हाई. मी फकस्त खात्री करतो.” हे वाक्य ते इतक्या भाबडेपणानं म्हणत, की समोरच्याला आपणच त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं व्हायचं.

मामी त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, सावळी, कमी बोलणारी बाई. माहेर पाथर्डीकडचं कोरडवाहू गाव. आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, त्यामुळं मामींचं लहानपण अर्धं घरात आणि अर्धं उसाच्या पाचटाच्या खोपीत गेलेलं. त्या बाजारातून आल्या की मामा दारातच असायचे. मामी काही न बोलता पिशवी उंबऱ्यावर ठेवायच्या. मामा एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडायचे. “मेथीच्या दोन जुड्या? पावने येनार हायेत का कुनी?” मामी पदरानं तोंड पुसत उभ्या राहायच्या. रिकामी पिशवी उलटी करून झटकून झाली की मग आत जायच्या.

आम्ही सगळे हे पाहायचो आणि हसायचो. घुले तर मामांची नक्कल करायचा. “प्रेम आहे हो म्हाताऱ्याचं. नाही तर कोण एवढं लक्ष देतं?” असं आम्ही मोठ्या समजूतदारपणे म्हणायचो. मामीही हसल्यासारखं करायच्या. निदान आम्हाला तसं वाटायचं.

आता पिक्चरकडे येतो.

मी आयुष्यभर लोकांची लग्नं शूट केली. हळद, अक्षता, सप्तपदी, पाठवणीचं रडणं. रडू येत नसेल तर “ताई, एकदा आईकडं बघा” म्हणून आणवलेलं रडणं. पण लग्नाचं पुढं काय होतं ते शूट करायला मला कधी कुणी बोलावलं नाही. पुढं काय होतं ते मला अल्बमवरून कळायचं. एखादी मुलगी दुकानात यायची आणि खाली मान घालून विचारायची, “दादा, माझे एकटीचे फोटो तेवढे वेगळे काढून मिळतील का?” अशा मुली अलीकडं बऱ्याच यायला लागल्या होत्या. त्यावरून मला कल्पना सुचली. गणपतीत कॉलनीच्या पडद्यावर दाखवायला आपण एक पिक्चर काढायचा. विनोदी. नाव, ‘आनंदबनची काडीमोड’. गोष्ट अशी की कॉलनीतलं एक जोडपं घटस्फोट घेतं आणि दोघंही गालावर लाली येऊन टुणटुणीत दिसायला लागतात. ते पाहून बाकीची सगळी जोडपी घटस्फोटाला रांग लावतात, आणि शेवटी कोर्टच कॉलनीत येऊन बसतं.

बैठक झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भूमिका वाटायला लागलो. पाटलांची सून घुलेची बायको होणार, घुलेची बायको माझी... एवढ्यात मागून आवाज आला.

“थांबा.”

मामा उभे राहिले होते.

“बाई एकाची न् नवरा भलताच? पिक्चर झाल्यावर कोन कुनाच्या घरात जातंय त्याच्यावर नजर ठेवायची कुनी? ह्ये चालायचं न्हाई. ज्याची त्यानं घ्यायची.”

गंमत म्हणजे सगळ्या नवऱ्यांनी माना डोलावल्या. जगाच्या पाठीवर घटस्फोटाचा हा एकच पिक्चर असेल, ज्यात अब्रू जाऊ नये म्हणून प्रत्येक बाईनं आपल्याच खऱ्या नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं ठरलं. मी विरोध केला नाही. मला तर आतून गुदगुल्या होत होत्या. त्यात पुन्हा कुणाला संवाद पाठ होईनात, तेव्हा मीच सांगून टाकलं, “कारण मी सुचवतो. ते आठवलं नाही तर जे मनात येईल ते बोला. घरी भांडता तसं.”

एका रविवारी दुपारी कडुलिंबाखाली कोर्ट भरलं. न्यायाधीश घुले वायरमन. काळा झगा कुठून आणणार? त्यानं काळा रेनकोट उलटा घातला. हातोड्याच्या जागी पक्कड. प्रत्येक जोडप्यानं यायचं, बाईनं कारण सांगायचं, घुलेनं पक्कड आपटून ओरडायचं, “घटस्फोट मंजूर!”

पहिल्या बायकांनी झकास धमाल केली. कुणाचा नवरा मोबाईल घेऊन संडासात राहायलाच जातो, कुणाचा नवरा सासरच्या लग्नात नेमका आजारी पडतो. मग आमच्या सौ. उभ्या राहिल्या. मी कॅमेऱ्यामागून वंदनाला खूण केली. तिचं ठरलेलं कारण होतं, ‘हे मीठ जास्त झालं म्हणतात.’ वंदना म्हणाली, “जज्जसाहेब, घरात मी एकटीच असते. पण हे बोलतात हजार माणसं पुढं बसल्यासारखं. माझ्याशी अजून कुणी बोललेलंच नाही.”

लोक पोट धरून हसले. मीही हसलो. पण कॅमेरा जरा हलला, तो त्या शॉटमध्ये अजून दिसतो. वंदनाचं ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

मग मामा-मामी आले. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामींना मी कारण दिलं होतं, ‘हे घोरतात.’

“बोला बाई,” घुले गंभीर आवाजात म्हणाला, “काय तक्रार आहे?”

“घोरत्यात,” मामी म्हणाल्या.

“फार?”

“घोरत्यात त्याचं काय न्हाई, साहेब. घोरत्यात तवा डोळे तरी मिटलेले असत्यात.”

हशा उसळला. मामासुद्धा हसले आणि लोकांकडं अभिमानानं पाहू लागले. बायको भारी काम करतेय! पण मामी थांबल्या नाहीत. आवाज न चढवता, भाजीवाल्याला भाव विचारावा तसं बोलत राहिल्या.

“मला एकदा बाहेरून घरी यायचंय, साहेब. नुसतं यायचंय. पिशवी हातात घेऊन सरळ आत. लगीन झाल्यापास्नं मी उंबऱ्यावर थांबले. बाजारातनं आले, थांबले. देवाहून आले, थांबले. माझी आई गेली तवा दहावं करून आले. तिची एक चोळी आनली हुती. तिच्या अंगाचा वास हुता त्या चोळीला. ह्यांनी ती उंबऱ्यावर उलगडली न् झटकली.”

हसू बंद पडत गेलं. पहिल्या रांगेचं आधी, मग मागच्यांचं. मामा अजून हसऱ्याच चेहऱ्यानं उभे होते. चेहऱ्याला निरोप पोचला नव्हता.

आणि आमचा घुले! त्याला एवढंच माहीत होतं की बाई बोलायची थांबली की आपलं वाक्य. त्यानं पक्कड दाणकन आपटली. “घटस्फोट मंजूर!”

“बरं,” मामी म्हणाल्या. त्यांनी घुलेला हात जोडले, वळल्या आणि घराकडं चालू लागल्या.

मी कॅमेरा चालूच ठेवला. काय चाल होती! मी मनातल्या मनात त्यांना बक्षीस देऊन टाकलं. पुढची जोडपी घेतली. शूटिंग आटोपून सामान गोळा करत असताना मामा आले.

“डायरेक्टर, ही कुठंय?”

“घरी असतील.”

“घरी न्हाई.”

मामी राहात्याच्या एसटीत बसल्या होत्या. राहात्याला त्यांची मुलगी, जयश्री. तिथं पोचल्यावर मामींनी तिच्याकडून वंदनाला फोन लावला. “काळजी करू नका. मी पोचले.” वंदनानं विचारलं, “अहो पण मामी, असं एकदम?” मामी म्हणाल्या, “एकदम कुठं? मंजूर झाल्यावर निघाले की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दुकानात हजर. आल्या आल्या त्यांनी दुकानात इकडंतिकडं पाहिलं, पडद्यामागं डोकावले, मग माझ्यासमोर बसले.

“पिक्चर अजून चालू हाय का?”

“म्हणजे?”

“न्हाई, म्हंजी ती गेली ती पिक्चरमदी गेली, का खरी गेली?”

मामा पुढं वाकले. “त्ये बोलनं कुनी लिवलं?”

“मी नाही, मामा.”

“मग घुलेनं?”

“घुलेला स्वतःचं वाक्य पाठ नव्हतं.”

“मग जयश्रीनं फोनवर शिकवलं आसल. न्हाई तर तुमच्या मंडळींनी. इतकी वर्सं न बोलनारी बाई एकदम बोलती कशी? कुनीतरी घातलंय तिच्या तोंडात. दाखवा मला ते.”

मी संगणकावर तो भाग लावला. मामांनी चष्मा चढवला आणि तो डब्यात डोकवावं तसा पाहिला. “परत.” मी परत लावला. “हितं थांबवा. हितं बगा, हसली का ती?” नव्हत्या हसल्या. “परत.” त्यांना त्यात अभिनय सापडायला हवा होता. डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठात, पदर सावरण्यात, कुठंतरी मामी खोटं बोलताहेत याचा एक नटबोल्ट सापडला असता तर ते सुटले असते. त्या आठवड्यात ते रोज आले. बघून बघून मला तो संवाद पाठ झाला. शेवटी एकदा पडद्यावर मामी चोळीपाशी आल्या आणि मामा पुटपुटले, “धूळ हुती म्हनून झटकली.”

“होती का धूळ?” मी विचारलं.

मामांनी चष्मा काढला.

“न्हाई,” म्हणाले.

इकडं कॉलनीचं भलतंच झालं होतं. मामांचा रोग सगळ्यांना लागला. प्रत्येक नवरा आपल्या बायकोचा शॉट गुपचूप बघायला दुकानात येऊ लागला. “आमच्या हिचं ते सासरच्या लग्नाचं, ते तुम्हीच लिहिलं होतं ना हो?” मी हो म्हटलं तरी पटायचं नाही, नाही म्हटलं तर चेहरा पडायचा. घुले रोज भाजी आणायला लागला. पाटील मोबाईल टेबलावर उताणा ठेवू लागले. मी स्वतः घरात खालच्या पट्टीत बोलून पाहिलं. वंदनानं दोन दिवस ऐकलं आणि विचारलं, “घसा बसलाय का?”

मामांना मात्र कायद्याचा मार्ग हवा होता. “वरचं कोर्ट कुठं भरतं?” त्यांनी घुलेला गाठून विचारलं. घुले घाबरला. म्हणाला, “मामा, अहो रेनकोट होता तो!” मामा म्हणाले, “रेनकोट आसू दे. तिनं मानलं ना?”

यावर तोड काढली वंदनानं. मामा आमच्या ओट्यावर उन्हात बसले होते, दाढी वाढलेली. ती म्हणाली, “मामा, घटस्फोट झालाय ना? मग आता एकच उरतं. रीतसर मागणी घालायची. चार माणसं घेऊन जायचं, पोहे खायचे, विचारायचं.”

मी हसलो. मामा हसले नाहीत. “कवा निगायचं?” म्हणाले.

तर मंडळी, मी अशा एका बघण्याच्या कार्यक्रमाला गेलो, ज्यात नवऱ्या मुलाचे गुडघे दुखत होते आणि नवरी मुलगी आजी होती. मी मध्यस्थ, वंदना वराकडची वडीलधारी. राहात्याच्या घरी जयश्रीनं पोहे केले होते. तिचा चेहरा रडावं का हसावं असा. मामी आतून आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मामा समोर, दिवाणाच्या अगदी कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून. बघायला आलेले ते होते, पण प्रश्न मामींनीच सुरू केले.

“नाव?”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. सांगा.

“रंगनाथ कोरडे.”

“काय करता?”

“रिटायर हाय. गेटवर हुतो.”

“पयलं लगीन?”

“झालं हुतं.”

“मग बाई कुठं हाय?”

“राहात्याला,” मामा म्हणाले. जयश्री तोंडाला पदर लावून आत पळाली.

“का गेली?”

मामांची बोटं गुडघ्यावर हलत होती. “मी पिशवी उगडायचो.”

“मग काय घावलं तुमाला पिशवीत, इतक्या वर्सांत?”

“काय न्हाई.”

“काईच न्हाई?”

“काईच न्हाई,” मामा म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, “कायतरी घावंल म्हनून भ्या वाटायचं. न्हाई घावलं तर जास्त वाटायचं.”

मला वाटलं, झालं, आता मामींचा पदर डोळ्यांना जाणार आणि आपण गाडीत चौघं परतणार. मामींनी पोह्यांची बशी मामांच्या पुढं सरकवली आणि त्या उठल्या.

“इचार करून कळवते,” म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. कोल्हार गेलं, राहुरी गेली. तेव्हा ते एकदाच बोलले. “कळवते म्हंजी हो, का न्हाई?”

“मामा, मुलाकडचे शतकानुशतकं हेच म्हणत आलेत,” वंदना म्हणाली. “तेव्हा मुलगी काय करायची?”

“काय करायची?”

“थांबायची.”

मामा थांबले. माणूस थांबतो म्हणजे काय करतो, ते मी मामांकडं बघून शिकलो. फोन वाजला की ते उठायचे, पण धावायचे नाहीत. टँकर आला तर त्याच्यामागं गेले नाहीत. गेले आणि नेमका तेवढ्यात फोन आला तर? गणपती जवळ आले. मी म्हटलं, “मामा, तुमचा भाग कापून टाकतो.” ते म्हणाले, “तिला इचारा.” मामींना फोन लावला. मामी म्हणाल्या, “राहू द्या. खरं बोलायला मी एवढं धाडस केलं, आन् तुमी कापनार व्हय?”

पिक्चर दाखवला तेव्हा मामा खुर्ची घेऊन मध्ये बसले होते. सगळी कॉलनी त्यांच्याकडं चोरून बघत होती. हशे झाले. चोळीपाशी सगळं शांत झालं. मामी पडद्यावरून चालत गेल्या, दूरवर, छोट्या होत होत. मामा पडद्याच्या त्या कडेकडं पाहत राहिले, पिक्चर पुढं गेल्यावरसुद्धा.

विसर्जन झालं, आणि एका दुपारी मामी आल्या. सोबत जयश्री. मामा दारात उभे होते. मामी ओट्याखालीच थांबल्या.

“राहायला आले न्हाई,” म्हणाल्या. “मुलाचं घरदार बघायला आले.”

मामा दारातून बाजूला झाले. नुसते बाजूला नाही. खाली उतरून आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले, आपल्याच घराकडं पाठ करून. मामी पिशवीसकट आत गेल्या. आम्हाला भिंतीपलीकडून डब्यांचे आवाज येत होते. मामांचा कान प्रत्येक आवाजाला हलायचा, पण मान वळली नाही. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. हौशी रंगभूमीवर मी पुष्कळ तपश्चर्या पाहिल्यात; ही अस्सल होती.

बऱ्याच वेळानं मामी बाहेर आल्या.

“मागची खोली माझी,” म्हणाल्या. “तिला आतनं कडी पायजे. कडी लागली की मी हाक मारीपर्यंत कुनी दार वाजवायचं न्हाई. जमत आसल तर येते.”

“जमंल,” मामा म्हणाले.

सुतार बोलावू म्हटलं तर ऐकलं नाही. मामांनी स्वतः बाजारातून पितळी कडी आणली, स्वतः बसवली. मी मदतीला होतो, म्हणजे स्क्रू धरून उभा होतो. कडी बसल्यावर त्यांनी मला आत पाठवलं, लावायला सांगितली, आणि बाहेरून दार ढकलून पाहिलं. उघडलं नाही. मी बाहेर आलो तर ते कपाळाचा घाम पुसत होते.

“डायरेक्टर,” हळूच म्हणाले, “आतनं कडी लावून ही करनार काय?”

“मला काय माहीत?”

“मलाबी न्हाई,” मामा म्हणाले आणि हत्यारं गोळा करायला लागले.

मामी आल्या. मग रोज दुपारी जेवणं झाली की कडीचा खट् असा आवाज यायचा आणि मामा त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. पेपर उघडा, लक्ष कुठंच नाही. कॉलनीत तर्कांना ऊत आला. घुलेची बायको म्हणाली जप करतात, पाटलांची सून म्हणाली मोबाईलवर मालिका बघतात. घुलेनं शपथेवर सांगितलं, की त्या झोपतात. मामांना कुणी खोदून विचारलं की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. जुना गेटवाला आत उठून उभा राहायचा. ते त्याला हातानं खाली बसवायचे आणि म्हणायचे, “आत गेली ती. आपल्याला काय करायचं?” पण दुधात बोट घालणं काही सुटलं नाही. वंदनानं दिलेली पुरणपोळीसुद्धा ते आधी दोन्ही बाजूंनी उजेडात धरायचे. सगळ्या जगाची खात्री चालूच होती. एक दार तेवढं त्यांनी सोडलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी, खुर्चीत, पेपर मांडीवर. मामींनी कडी काढून हाक मारली तेव्हा ओ आली नाही.

दिवस झाल्यावर वंदना आणि मी भेटायला गेलो. मामी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मामांची खुर्ची अजून तिथंच होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी तसा आगाऊच, मला राहवेना.

“मामी, विचारू का एक? आत काय करायच्या हो तुम्ही?”

वंदनानं मला कोपरानं ढोसलं. मामींना राग आला नाही.

“काय करनार? पडायचे जरा. आईची चोळी काढून बसायचे कवा. न्हाई तर नुसतंच बसायचं. बाहेर त्यांची खुर्ची करकरायची, ती ऐकायची.”

“आणि मामांनी कधीच...?”

“एकदा बी न्हाई. एवढा संशेखोर मानूस, पर शबूद पाळला. एकदा बी इचारलं न्हाई.”

मला वाटलं, त्या आता समाधानानं हसतील. त्या खुर्चीकडं बघत होत्या.

“मी रोज वाट बघायचे,” मामी म्हणाल्या, “आज तरी इचारत्याल म्हनून.”